रविवारची डहाळी

पानाच्या मरणाला मराठीत एक शब्द पुरत नाही. पान कोमेजते, मलूल होते, सुकते, वाळते, करपते, पिवळे पडते, झडते, गळते आणि कुजते. पदवी मराठीची आणि नोकरी गुजराती माध्यमाच्या सरकारी शाळांतली, असा आमचा संसार तीस वर्षे चालला असल्यामुळे आपल्या भाषेकडे थोडे लांबून पाहण्याची सवय आम्हांला लागली आहे. आपले भांडे शेजारच्या घरी गेले म्हणजे त्याचा घाट आपल्याला नीट दिसतो, तसेच काहीसे. कथाकादंबऱ्यांतून हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात आणि त्याने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु त्यांतील प्रत्येक शब्द निराळ्या मरणाचा आहे, आणि ज्याचे मरण निराळे त्याचा उपायही निराळा, हे आम्हांला उमगले ते मातोश्रींच्या खाटेसमोर ठेवलेल्या एका काचेच्या बरणीमुळे.

सन २०२२ च्या श्रावणात आई न्हाणीघरात घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया यथासांग पार पडली; पण वय एक्याऐंशी, तेव्हा पुढचे कित्येक महिने खाट, खिडकी आणि समोरची भिंत एवढेच तिचे जग उरले. आम्ही बडोद्यात मांजलपूरच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर राहतो. खिडकीतून दिसते ती समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी. आईचे उभे आयुष्य मात्र दांडिया बाजारातील आमच्या जुन्या वाड्यात गेलेले. तेथे आता आमचे चुलतबंधू राहतात. परसात विहिरीच्या कडेला कुंतीचे झाड आहे. १९५८ साली लग्न होऊन ती या घरात आली, त्या पहिल्या पावसाळ्यात तिने ते स्वतःच्या हाताने लावले. कुंतीला कोणी कामिनी म्हणतात. ती लिंबाच्या आणि कढीलिंबाच्या कुळातली. तिच्या पांढऱ्या फुलांचा वास रात्री अंगणभर होतो, पण तो बहर चार दिवसांचा. पाने मात्र बारमाही गर्द आणि तकतकीत.

आजारपणात शाळेतील सहकाऱ्यांनी एक मोठा पुष्पगुच्छ आणला. तिसऱ्या दिवशी जर्बेराच्या माना पडल्या, गुलाब काळवंडले, आणि सौ. तो गुच्छ उचलून टाकू लागली तेव्हा आईने हात वर केला. गुच्छाच्या पाठीशी फुलवाल्याने जो हिरवा पाला लावला होता, त्यातील एक काडी तिने ओढून घेतली, पान बोटांत चुरडले, वास घेतला आणि म्हणाली, "अरे, ही कुंतीच की. फुले गेली तर जाऊ देत. ही ठेव."

त्यानंतर आम्ही दर रविवारी वाड्यावर जाऊन कुंतीच्या दोन-तीन डहाळ्या आणू लागलो. शाळा तालुक्याच्या गावी. सोमवार ते शनिवार पहाटेची बस आणि संध्याकाळची परतीची बस. वाड्याची फेरी रविवारखेरीज शक्य नव्हती. म्हणजे रविवारी आणलेल्या डहाळीने पुढच्या रविवारपर्यंत टिकले पाहिजे. गुरुवारी जर बरणी रिकामी झाली तर आई काही बोलत नसे. ती भिंतीकडे तोंड करून पडे. त्या तीन दिवसांसाठी आम्ही जे काही शिकलो ते येथे सांगत आहो.

पहिला गुरू भेटला खंडेराव मार्केटमध्ये. १९०६ साली बांधलेल्या त्या देखण्या वास्तूच्या आवारात फुलबाजार भरतो, हे बडोदेकरांना सांगायला नको. पहिल्या आठवड्यात चुलतबंधूंच्या मुलाने भर दुपारी स्कूटरच्या डिकीतून जी डहाळी पोचविली होती, ती रात्रीपर्यंत मान टाकून बसली. त्यातीलच एक काडी आम्ही त्या वयोवृद्ध फुलवाल्याला दाखविली. त्याने ती हातात घेतली, देठाचा शेवट नखाने दाबून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, पांदडुं तरस्युं छे." पान तहानलेले आहे, एवढेच. मग त्याने पाण्याच्या बादलीत देठ बुडवून, पाण्याखालीच, दोन बोटे लांबीचा तुकडा तिरका कापला आणि काडी तशीच बादलीत ठेवून दिली. आम्ही हार घेऊन, ओळखीच्या दोघांशी बोलून परत येईपर्यंत तासभर गेला असेल. तेवढ्यात पाने ताठ झाली होती.

तेव्हा कोमेजणे म्हणजे तहान, आणि ती परतविता येते. झाडावरचे पान दिवसभर आपल्या सूक्ष्म रंध्रांतून वाफ सोडते आणि तितकेच पाणी मुळांकडून ओढून घेते. डहाळी कापली तरी पानाला ती कापली गेल्याची वार्ता नसते. ते वाफ सोडीतच राहते. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने १७२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याची मोजमापे दिली आहेत. पाने असलेली आणि पाने काढून टाकलेली अशा फांद्या त्याने पाण्यात ठेवल्या, तेव्हा पाने असलेली फांदी कितीतरी अधिक पाणी प्याली. ओढ पानांची असते, देठ म्हणजे नुसती नळी. मात्र कापल्या क्षणी त्या नळ्यांत हवा शिरते आणि पाण्याची धार तुटते. म्हणून पुन्हा कापायचे, आणि पाण्याखाली कापायचे. पाणी हाताला सोसेल इतके कोमट, साधारण ४० अंशांचे, असेल तर देठात अधिक वेगाने चढते. थंड पाण्यानेच ताजेपणा येतो ही समजूत घरोघरी आहे. तोडलेल्या देठाच्या पहिल्या घोटापुरती तरी ती खरी नव्हे.

डहाळी तोडायची ती सूर्य वर येण्यापूर्वी. रात्रभरात पाने पाण्याने भरलेली असतात, म्हणून आम्ही रविवारी सहाला वाड्यावर हजर होऊ लागलो. बंधूंची झोपमोड होई, पण आईचे नाव काढल्यावर तेही चहा टाकीत. तोडताना कोवळे शेंडे सोडायचे. संस्कृत कवींना पल्लव आणि किसलय यांचे मोठे कौतुक. बरणीत मात्र तांबूस कोवळे पान सर्वांत आधी मान टाकते, कारण त्याची कातडी अजून पक्की झालेली नसते. जून, गडद, पुरते वाढलेले पान घ्यावे. डहाळ्या ओल्या पंचात गुंडाळून, त्यावर वर्तमानपत्र लपेटून आणाव्यात. दूर्वांच्या जुड्या आपल्या घरांतून ओल्या फडक्यात ठेवण्याची जी चाल आहे, तीच ही.

पानापानांत तहानेचा फरक किती असतो, हे पाडव्याच्या दिवशी प्रत्येक मराठी घराने पाहिलेले असते. गुढीला कडुलिंबाची डहाळी आणि आंब्याची डहाळी एकाच वेळी, एकाच सुतळीने बांधली जाते. दुपारी बारापर्यंत कडुलिंबाची पाने लोंबू लागतात. आंब्याची सूर्यास्ताला गुढी उतरवितानाही ताठ असतात. कडुलिंबाचे पान पातळ. आंब्याचे पान जाड, चामड्यासारखे, वरून मेणचट. आसोपालवाचे तोरणही याच गुणामुळे गुजरातेत घरोघरी चालते. आपल्याकडचे कित्येक जण त्या झाडाला अशोक म्हणतात, पण सीतेच्या वनातला अशोक निराळा. कुंती या दोहोंच्या मध्ये बसते. तिचे पान तकतकीत खरे, पण ते अनेक लहान पर्णिकांचे बनलेले, आणि त्यामुळे पुढे जी अडचण आली ती तहानेची नव्हती.

त्याआधी पंख्याविषयी. बडोद्याच्या उन्हाळ्यात पंखा बंद ठेवणे म्हणजे रोग्याचे हाल. आणि वाहती कोरडी हवा पानाभोवतीची ओल सतत उडवून नेते, म्हणून पंख्याखाली ठेवलेली डहाळी पाण्यात असूनही कोमेजते. जितके पिते त्याहून अधिक घालविते. आईला वारा हवा, डहाळीला नको, आणि डहाळी आईच्या डोळ्यांसमोर तर हवी. सौ.ने यावर तोड काढली. भिंतीतल्या कोनाड्यात पूर्वी दूरध्वनी ठेवीत असू. तेथे वारा पोचत नाही, ऊन पोचत नाही आणि खाटेवरून तो बरोबर समोर येतो. बरणी तेथे गेली. शिवाय दुपारी दोन-तीनदा पिचकारीने पानांवर बारीक पाणी मारण्याचे काम आमच्या कन्येने स्वतःकडे घेतले.

आता कुजणे. बरणीच्या बाहेरून आम्ही कागदाची एक पट्टी उभी चिकटविली आणि रोज सकाळी पाण्याच्या पातळीची खूण करू लागलो; शिक्षकाची खोड, दुसरे काय! सोमवारी पाणी दोन बोटे उतरे, मंगळवारी दीड, बुधवारी जेमतेम अर्धे, आणि गुरुवारी खूण तिथल्या तिथे. पाणी भरपूर असूनही डहाळीने पिणे थांबविले होते. याचे कारण पाण्यातच असते. कापलेल्या देठातून रस झरतो, त्यावर सूक्ष्म जीवाणू पोसतात, त्यांची बुळबुळीत साय नळ्यांची तोंडे बुजविते. बुडलेली पाने असतील तर विचारायलाच नको. ती आधी कुजतात आणि साऱ्या पाण्याला नासवितात. देठाला बोट लावून पाहावे. बुळबुळीत लागले म्हणजे नळी बंद झाली असे समजावे.

उपाय सोपे आहेत आणि कंटाळवाणे आहेत, म्हणून ते कोणी करीत नाही. पाण्याखाली येणारी सर्व पाने आधीच काढावीत. बरणी केवळ विसळू नये, भांड्यासारखी घासावी. पाणी एक दिवसाआड बदलावे. आणि बुधवारी देठ पुन्हा एकदा कापावा. हा बुधवारचा नेम सुरू झाल्यापासून गुरुवारची खूण पुन्हा एका बोटाने खाली येऊ लागली. पाण्यात थोडा लिंबाचा रस घातला तर आणखी बरे. किंचित आंबट पाण्यात जीवाणू माजत नाहीत आणि ते देठातून चढतेही सुलभ. कपडे धुण्याच्या ब्लीचचे चार थेंब हाही मान्य उपाय आहे, पण आजाऱ्याच्या खोलीत तो वास नको म्हणून आम्ही लिंबावरच राहिलो. दोन्ही एकत्र मात्र कधीही करू नयेत. त्यातून अपायकारक वायू सुटतो.

शेजारपाजाऱ्यांचे सल्ले पुष्कळ आले. कोणी साखर घाला म्हणाले, कोणी ॲस्पिरिनची गोळी, कोणी तांब्याचे नाणे. साखरेविषयी एवढे सांगतो की ती फुलांची गोष्ट आहे. कळीला उमलायचे असते, त्यासाठी शिदोरी लागते, म्हणून फुलवाले जंतुनाशकाबरोबर साखर वापरतात. पुऱ्या वाढलेल्या पानाला उमलायचे नसते. त्याला साखरेचा फारसा लाभ होत नाही, उलट नुसती साखर घातल्याने जीवाणूंची मात्र पंगत बसते. गुच्छातील फुले आणि पाला एकाच पाण्यात असतात तेव्हा फुलांची सोय पाहिली जाते. पाल्याची सोय कोणी पाहत नाही, कारण त्याचे पैसे कोणी वेगळे मोजत नाही.

या साऱ्या व्यवस्थेनंतर डहाळी शनिवारपर्यंत टिकू लागली, आणि मग दिवाळीच्या सुमारास एक विचित्र गोष्ट घडली. पाने हिरवी, ताठ, पाणी स्वच्छ; आणि तरी सकाळी कोनाड्यात पर्णिकांचा सडा! डहाळीला हलकेच बोट लावले तरी पाच-सहा पर्णिका टपटप पडत. ही ना तहान होती, ना कुजणे. कोमेजलेले पान देठाला चिकटून राहते. हे हिरवेगार पान देठ सोडून जात होते. हेच ते गळणे.

याचा उलगडा आमच्या शाळेतील विज्ञानशिक्षिका बाईंनी केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सर, जवळ फळे ठेवता का?" दिवाळीत आईला भेटायला येणारे प्रत्येक जण केळी, चिकू, सफरचंदे घेऊन येत, आणि त्यांची परडी ठेवण्याची सोयीची जागा म्हणजे तोच कोनाडा. पिकणारे फळ एथिलीन नावाचा वायू सोडते, आणि तो वायू पानाच्या देठाशी जी गळण्याची रेघ असते तिला सुटण्याची आज्ञा देतो. जुन्या काळी युरोपातील शहरांत रस्त्यावरचे दिवे गॅसवर जळत, आणि जमिनीखालची नळी फुटली की जवळच्या झाडांची पाने अवेळी गळत. १९०१ साली सेंट पीटर्सबर्ग येथे नेल्यूबॉव्ह या तरुण संशोधकाने दाखविले की दिव्याच्या गॅसमधला वाटाण्याच्या रोपांना वेडेवाकडे करणारा घटक म्हणजे एथिलीन. आणि १९३४ साली गेन या इंग्रज शास्त्रज्ञाने सिद्ध केले की फळ हा वायू स्वतःच तयार करते. आढीत आंबे घालणाऱ्या आमच्या आजीला यातले नाव ठाऊक नव्हते, पण एक पिकला की शेजारचा पिकतो हे ती जाणून होती. फळांची परडी स्वयंपाकघरात गेली, आणि सडा थांबला. पिवळी पडलेली पाने, कोमेजलेली फुले, उदबत्तीचा धूर यांतूनही हा वायू येतो. म्हणून आईची उदबत्ती देवघरातच राहिली. तिने त्याबद्दल थोडी कुरकुर केली.

येथे कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, डहाळ्या शीतकपाटात ठेवाव्यात. थंडीने पानाचा श्वास मंदावतो आणि आयुष्य लांबते हे खरे. अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातील पिअर्सन नावाचे लहानसे गाव स्वतःला जगातील नेच्यांची राजधानी म्हणवून घेते. तेथून गुच्छांसाठी जाणारा नेचा थंडगार ठेवूनच दूरवर पाठवितात. पण सर्वच पाने थंडीची नसतात. केळीचे पान शीतकपाटात ठेवून पाहावे. ते काळे पडते. उष्ण प्रदेशांतील अनेक शोभेच्या पानांना दहा-बारा अंशांखालची थंडी बाधते. आणि घरच्या शीतकपाटात भाजीफळेही असतात, म्हणजे पुन्हा तोच वायू. कढीलिंब फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवण्याची गृहिणींची युक्ती यासाठीच शहाणपणाची आहे. आमचा प्रश्न मात्र डहाळी साठविण्याचा नव्हताच. आईला ती दिसायला हवी होती.

पिवळे पडण्याबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण त्याने आम्हांला सर्वांत अधिक विचारात पाडले. पाणी, हवा, फळे यांची सारी काळजी घेतल्यावरही नवव्या-दहाव्या दिवशी पान आतून फिके होऊ लागते. अंधाऱ्या जागी ते आणखी लवकर होते. याला तहान कारण नाही. पानाला हिरवे राहण्याचा निरोप बहुतांशी मुळांकडून येत असतो. मुळांत तयार होणारी काही द्रव्ये पाण्याबरोबर वर चढतात आणि पानाचे वार्धक्य लांबवितात. डहाळी तोडली की पाणी आपण देऊ शकतो, तो निरोप देऊ शकत नाही. १९५७ साली रिचमंड आणि लँग या दोघांनी तोडलेल्या पानांना कायनेटिन नावाचे त्या जातीचे द्रव्य देऊन ती बराच काळ हिरवी ठेवून दाखविली. आज मोठ्या व्यापारात अशा द्रावणांचा उपयोग होतो. आम्ही त्या वाटेला गेलो नाही. घरी ते मिळत नाही आणि आईच्या खोलीत प्रयोगशाळा मांडायची नव्हती. डहाळीला सकाळचे कोवळे उजेडाचे दोन तास मिळतील अशी बरणी हलविली, तेवढ्याने भागले.

पण यातून मनीप्लांटचे कोडे सुटले. त्याचा वेल बाटलीत वर्षानुवर्षे कसा हिरवा राहतो? त्याला पाण्यातच मुळे फुटतात, आणि मुळे फुटली की ती तोडलेली फांदी उरत नाही; ते झाड होते. सौ.ने हौसेने एक बाटली कोनाड्यात कुंतीशेजारी ठेवली. आईने दोन दिवस तिच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "ही बाटलीतलीच आहे. हिला कुठून आणले असे काही नाही. बाहेर ठेव." बाटली दिवाणखान्यात गेली, तेथे ती अजून आहे.

एका नातलगांनी ग्लिसरीनची कृती सांगितली. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग गरम पाणी, त्यात देठ ठेवले की दोन-तीन आठवड्यांत ते पानापानांत भिनते. पान तपकिरी होते, पण मऊ राहते आणि वर्षभर टिकते. शोभेसाठी उत्तम. आम्ही आंब्याच्या डहाळीवर ते करून पाहिले. आईने पानावरून हात फिरविला, "छान आहे," म्हणाली, आणि रविवारची डहाळी कुठे आहे ते विचारले.

सर्वच पाने ताजी राहावीत असे आमच्या रूढीचेही म्हणणे नाही, हे नमूद केले पाहिजे. तोरणाला पाणी द्यायची सोयच नसते. दसऱ्याला बांधलेले आंब्याचे तोरण दारावरच सुकते, वाळते, खडखडते, आणि पुढचा सण येईपर्यंत कोणी ते काढीत नाही. तोरण दोन दिवस हिरवे हवे असेल तर पाने ओवण्यापूर्वी तासभर पाण्यात बुडवून ठेवावीत, रात्री ओवावे आणि पहाटे बांधावे. यापलीकडे फार काही करता येत नाही, आणि करूही नये. गृहप्रवेशाला दाराशी उभे केलेले केळीचे खुंट मात्र दोन-तीन दिवस आपल्याच खोडातल्या पाण्यावर काढतात. त्यांची पाने वाऱ्याने फाटतात, खोड तरतरीत असते.

आईने वॉकर धरून पहिली चार पावले टाकली ती २०२३ च्या चैत्रात. ती खाटेपासून कोनाड्यापर्यंतची चार पावले होती. डॉक्टर म्हणाले व्यायामाने झाले, आणि ते खरेच असेल. पुढे वैशाखापासून बरणीचे पाणी तीच बदलू लागली. पहिल्या दिवशी तिने देठाला बोट लावले आणि सौ.ला हाक मारली, "अगं, बुळबुळीत झालंय, आज बुधवार ना?" तेव्हापासून बुधवारची कात्री तिच्याकडे आहे. आम्ही आणलेल्या डहाळीवर ती अभिप्रायही देते. विहिरीकडची फांदी आणली की खूश. रस्त्याकडची आणली की, "यावर धूळ असते, पाने आधी पुसून घे," म्हणते. वाड्यात ती पुन्हा गेलेली नाही. तिथल्या पायऱ्या उंच आहेत.

आता त्या वाड्याचाच करार झाला आहे. चुलतबंधूंना दोष देण्याचे कारण नाही. छप्पर गळते, भिंतीला भेगा पडल्या आहेत, मुलांना जागा पुरत नाही. दिवाळीनंतर पाडकाम सुरू होईल आणि परसात गाड्या ठेवण्याची जागा होईल. आईला आम्ही सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग विचारले, "मग रविवारी काय आणणार?"

शाळेच्या माळीबुवांना घेऊन ज्येष्ठात आम्ही वाड्यावर गेलो आणि कुंतीच्या दोन फांद्यांवर गुटी बांधल्या. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवरून बोटभर रुंदीची साल गोल काढायची, उघड्या भागाभोवती ओले शेवाळ दाबून बसवायचे आणि वर प्लास्टिक घट्ट आवळायचे. साल काढली तरी आतल्या लाकडातून पाणी वर चढत राहते, म्हणून फांदी कोमेजत नाही. आणि पानांनी केलेले अन्न सालीतून खाली उतरू शकत नाही, ते त्या जागी साचते आणि तेथे मुळे फुटतात. मुळे भरली की खालून कापून कुंडीत लावायची. कुंडी कोठे ठेवायची तेही ठरले आहे, खिडकीबाहेरच्या जाळीत, टाकीच्या आड.

आता भाद्रपद चालू आहे. गेल्या रविवारी पाहिले तेव्हा एका गुटीच्या प्लास्टिकमधून पांढरी मुळे दिसत होती. दुसरीचे शेवाळ ओले आहे, पण आत अजून काही दिसत नाही. माळीबुवा म्हणतात, आणखी तीन आठवडे पाहू.